बूस्ट कन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी कोण ठरवतं?

नागपूरच्या सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘व्होल्टेज वाढवायचा बोर्ड द्या’ म्हटलं की दुकानदार बहुधा दोनपैकी एक बोर्ड समोर ठेवतो. एक आगपेटीच्या अर्ध्याएवढा असतो आणि त्यावर एमटी ३६०८ ही आयसी असते. दुसरा त्याहून मोठा, त्यावर एक्सएल ६००९. काम दोघांचं एकच: कमी डीसी व्होल्टेज घ्यायचं आणि जास्त करून द्यायचं. अशा सर्किटालाच बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. पण पहिल्यातला स्विच सेकंदाला १२ लाख वेळा चालू-बंद होतो, दुसऱ्यातला ४ लाख वेळा. जुन्या सर्किटांमध्ये सापडणारी एमसी ३४०६३ तर १ लाखाच्या वर जातच नाही. मीटर लावून पाहिलं तर तिघांचंही आउटपुट सारखंच दिसेल.

मग हा १२ लाखांचा किंवा ४ लाखांचा आकडा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, येतो कुठून, आणि तो कुणाच्या हातात असतो? बूस्ट कन्व्हर्टर समजावताना हा प्रश्न नेहमी शेवटी उरतो आणि घाईत उरकला जातो. माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे.

आधी मूळ काम पाहू. बॅटरी, कॉइल, मॉस्फेट (हाच तो चालू-बंद होणारा स्विच), डायोड आणि कंडेन्सर, एवढाच सगळा पसारा. मॉस्फेट चालू झाला की कॉइलचं दुसरं टोक थेट ग्राउंडला जातं. बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज कॉइलवर येतं आणि तिच्यातला करंट सरळ रेषेत चढू लागतो. मॉस्फेट बंद केला की करंटची वाट तुटते, पण कॉइलमधला करंट एका क्षणात थांबू शकत नाही. तो वाहता राहावा म्हणून कॉइल स्वतःचं व्होल्टेज उलटं करते. ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळवलं जातं आणि करंट डायोडमधून कंडेन्सरकडे जातो. पुन्हा मॉस्फेट चालू, पुन्हा बंद.

स्थिर अवस्थेत एका फेरीत कॉइलमधला करंट जेवढा चढतो तेवढाच उतरला पाहिजे. नाहीतर तो फेरीगणिक वाढत जाऊन काहीतरी जळेल. या एका अटीतून सूत्र निघतं: आउटपुट व्होल्टेज = इनपुट व्होल्टेज ÷ (१ − ड्युटी). ड्युटी म्हणजे एका फेरीतला किती हिस्सा मॉस्फेट चालू आहे. १२ व्होल्टचे २४ करायचे तर ड्युटी ०.५. या सूत्रात फ्रिक्वेन्सी कुठेच नाही. अर्धा वेळ चालू म्हणजे अर्धा वेळ चालू, मग फेऱ्या सेकंदाला २० हजार असोत की २० लाख.

एक अपवाद इथेच सांगून ठेवतो. लोड इतका हलका झाला की प्रत्येक फेरीच्या शेवटी कॉइलमधला करंट शून्यावर पोचून काही काळ तिथेच थांबतो, तर हे सूत्र लागू पडत नाही. तिथे आउटपुट व्होल्टेज फ्रिक्वेन्सीवर, कॉइलवर आणि लोडवरही अवलंबून राहतं. पण भरल्या लोडवर, म्हणजे करंट कधीच शून्याला टेकत नाही तेव्हा, फ्रिक्वेन्सी आउटपुट व्होल्टेज ठरवत नाही. ती बाकी जवळजवळ सगळं ठरवते.

विहिरीतून ठरावीक पाणी काढायचं आहे असं धरा. मोठी बादली असेल तर खेपा कमी, लहान असेल तर जास्त. आणि प्रत्येक खेपेला काठावर थोडं पाणी सांडतंच, बादली केवढीही असो. कॉइल ही बादली, फ्रिक्वेन्सी म्हणजे खेपा, आणि सांडलेलं पाणी म्हणजे मॉस्फेटची उष्णता. उपमा इथेच सोडून देऊ, कारण पुढचा हिशेब आकड्यांतच नीट कळतो.

काटोलच्या बागेतला दिवा

संत्र्याच्या बागेत राखणीसाठी २४ व्होल्ट, १ अँपिअरचा एलईडी दिवा लावायचा आहे आणि हाताशी १२ व्होल्टची बॅटरी आहे. नुकसान क्षणभर बाजूला ठेवलं तर बॅटरीतून २ अँपिअर ओढावे लागतील. कॉइलमधला करंट या २ अँपिअरभोवती वर-खाली होत राहणार. हा चढउतार, म्हणजे रिपल, साधारण ३० टक्के, ०.६ अँपिअर ठेवायचा असं सर्वसाधारण धोरण असतं. कॉइल किती हवी? इनपुट व्होल्टेज गुणिले ड्युटी, भागिले फ्रिक्वेन्सी आणि रिपल यांचा गुणाकार. १०० किलोहर्ट्झला उत्तर येतं १०० मायक्रोहेन्री. १ मेगाहर्ट्झला १० मायक्रोहेन्री. २० किलोहर्ट्झला चक्क ५०० मायक्रोहेन्री, म्हणजे मुठीत धरावी एवढी तांब्याची गुंडाळी. कंडेन्सरचंही तसंच. आउटपुटवर १०० मिलिव्होल्टचा रिपल चालत असेल तर १०० किलोहर्ट्झला ५० मायक्रोफॅरड लागतात, १ मेगाहर्ट्झला फक्त ५.

एमटी ३६०८ चा बोर्ड लहान का, याचं उत्तर इथे मिळालं. मग सगळेच १ मेगाहर्ट्झवर का जात नाहीत?

मॉस्फेट चालू-बंद होताना त्याला काही नॅनोसेकंद लागतात. त्या मधल्या काळात त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्याच्यातून करंटही जात असतो. दोघांचा गुणाकार उष्णता होऊन बाहेर पडतो. आपल्या दिव्यात चालू होण्याचे आणि बंद होण्याचे मिळून ४० नॅनोसेकंद धरले तर एका फेरीत जवळपास १ मायक्रोज्यूल जातो. १०० किलोहर्ट्झला ते होतात ०.१ वॉट. गेट, म्हणजे मॉस्फेटला चालू-बंद करणारं टोक, भरायचा-रिकामा करायचा खर्च वेगळा: २० नॅनोकूलॉम्बचा गेट १० व्होल्टने चालवला तर आणखी ०.०२ वॉट. १ मेगाहर्ट्झला दोन्ही मिळून सुमारे १.२ वॉट होतात.

आता याच सर्किटमधला डायोड पाहा. शॉट्की डायोडवर अर्धा व्होल्ट पडतो, त्यातून सरासरी १ अँपिअर जातो, म्हणजे अर्धा वॉट गेला. हा अर्धा वॉट फ्रिक्वेन्सीकडे पाहतही नाही. म्हणजे १०० किलोहर्ट्झवर स्विचिंगचं नुकसान डायोडच्या नुकसानीच्या पाव हिश्श्याएवढं आहे. फ्रिक्वेन्सी आणखी निम्मी करून ५० किलोहर्ट्झ केली तर वाचतील फक्त ०.०६ वॉट, पण कॉइल आणि कंडेन्सर दुप्पट घ्यावे लागतील. उलट १ मेगाहर्ट्झवर स्विचिंग एकटंच डायोडच्या दुपटीहून जास्त खातं. फ्रिक्वेन्सी निवडायची माझी रीत यातूनच आली आहे. आधी फ्रिक्वेन्सीशी संबंध नसलेलं नुकसान मोजायचं. स्विचिंगचं नुकसान त्याच्या बरंच खाली आलं की आणखी खाली उतरण्यात शहाणपण नाही.

हा हिशेब कागदावर एसीत बसून केला तर १.२ वॉट क्षुल्लक वाटतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात आत ६० अंश सहज असतात. बोर्डावर चिकटवलेल्या, हीट सिंक नसलेल्या छोट्या मॉस्फेटचं तापमान दर वॉटला ढोबळमानाने ५० अंश वाढतं असं धरा. १.२ वॉट म्हणजे आणखी ६० अंश, आणि मॉस्फेट १२० वर गेला. तापल्यावर त्याचा चालू अवस्थेतला रोधही दीडपटीच्या घरात जातो, त्याची वेगळी उष्णता. शेजारी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असेल तर तापमान दर १० अंशांनी वाढताना त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना अंदाज. डिसेंबरात टेबलावर सुरेख चाललेला बोर्ड मे महिन्यात बसतो, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो.

कॉइलच्या गाभ्याचं म्हणजे कोअरचं गणित थोडं फसवं आहे. चुंबकीय नुकसान फ्रिक्वेन्सीनुसार आणि चुंबकीय झोक्यानुसार (कोअरमधलं चुंबकत्व एका फेरीत किती वर-खाली होतं त्यानुसार) कसं वाढतं याचं सूत्र चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्या १८९२ च्या कामातून आलं आणि त्याची सुधारित रूपं आजही वापरात आहेत. त्यात झोक्याचा घातांक फ्रिक्वेन्सीच्या घातांकापेक्षा मोठा असतो. त्यामुळे कॉइल तीच ठेवून फ्रिक्वेन्सी वाढवली तर झोका लहान होतो आणि कोअरचं नुकसान उलट कमी होतं! पण फ्रिक्वेन्सी वाढवतो कोण आणि कशासाठी? कॉइल लहान करण्यासाठीच. ती लहान केली की हा फायदा गेला. शिवाय कोअर कशाचा आहे हे पाहावं लागतं. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) काढलेली पिवळ्या-पांढऱ्या रंगाची गोल रिंग पुष्कळ जण वापरतात. ती लोखंडी पावडरची असते आणि आउटपुट फिल्टरसाठी बनवलेली असते. तिथे तिच्यावरचा झोका लहान असतो. तीच रिंग ३००-४०० किलोहर्ट्झच्या बूस्टमध्ये मोठ्या रिपलवर घातली तर तार गार आणि कोअर चटका देणारा, असं दृश्य दिसतं. तिथे फेराइटच हवा.

आधी उलटं, मग सुलटं

फ्रिक्वेन्सी वाढवायचं आणखी एक कारण आहे, आणि ते आकारापेक्षा खोल आहे. बूस्ट कन्व्हर्टरला एक विचित्र खोड असते.

समजा लोड अचानक वाढला आणि आउटपुट थोडं खाली आलं. आउटपुटवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर ते पाहून ड्युटी वाढवतो, म्हणजे मॉस्फेट जास्त वेळ चालू ठेवतो. पण मॉस्फेट चालू असताना आउटपुटकडे काहीच जात नाही. त्या काळात कंडेन्सर एकटा लोड सांभाळत असतो. म्हणजे मदत करायला घेतलेल्या पहिल्याच पावलाने आउटपुट आणखी खाली जातं. काही फेऱ्यांनंतर कॉइलमधला करंट पुरेसा चढतो, तेव्हा कुठे आउटपुट वर येऊ लागतं. कंट्रोलर अधीर असेल तर मधल्या काळात त्याला वाटतं की अजून कमी पडतंय. तो ड्युटी आणखी वाढवतो, मग सगळं एकदम उसळतं, मग तो एकदम कापतो, आणि आउटपुट हेलकावे खात राहतं.

कंट्रोलच्या भाषेत याला उजव्या अर्धप्रतलातला शून्य म्हणतात. नाव अवघड असलं तरी त्याची जागा सोप्या हिशेबाने कळते: लोडचा रोध गुणिले (१ − ड्युटी) चा वर्ग, भागिले २ पाय गुणिले कॉइल. आपल्या दिव्याला २४ ओहम, ड्युटी ०.५ आणि १०० मायक्रोहेन्री घातले की येतात सुमारे ९.५ किलोहर्ट्झ. कंट्रोलरला याच्या फार तर पाचव्या हिश्श्याइतकं चपळ राहू द्यायचं, म्हणजे २ किलोहर्ट्झच्या आसपास. त्याहून अधीर केला तर तो डोलणार. आता फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झ करून कॉइल १० मायक्रोहेन्री केली तर ही मर्यादा ९५ किलोहर्ट्झवर सरकते. नीट पाहा: सूत्रात स्विचिंग फ्रिक्वेन्सी इथेही नाही, कॉइल आहे. फ्रिक्वेन्सी फक्त लहान कॉइल वापरायची परवानगी देते. कंट्रोलर डोलतोय म्हणून कॉइल तीच ठेवून नुसती फ्रिक्वेन्सी वाढवणाऱ्यांच्या पदरी म्हणूनच काही पडत नाही.

ठरलेली फ्रिक्वेन्सी

सगळ्यात साधी व्यवस्था म्हणजे आयसीच्या आत एक ऑसिलेटर, म्हणजे ठेका देणारं घड्याळ, आणि त्याचा वेग बाहेरून एक रोध आणि एक कंडेन्सर लावून ठरवायचा. यूसी ३८४३ हे याचं अगदी रुळलेलं उदाहरण. तिची फ्रिक्वेन्सी साधारण १.७२ भागिले रोध गुणिले कंडेन्सर इतकी येते. १० किलोओहम आणि १.८ नॅनोफॅरड लावले की सुमारे ९५ किलोहर्ट्झ. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तिची जुळी बहीण यूसी ३८४२ चालत नाही, कारण ती सुरू व्हायलाच १६ व्होल्ट मागते. ३८४३ ला साडेआठच्या आसपास पुरतात. ३८४४ आणि ३८४५ घेतल्या तर ऑसिलेटर ज्या वेगाने चालतो त्याच्या निम्म्यानेच आउटपुट स्विच होतं आणि ड्युटी ५० टक्क्यांवर अडते. आपल्या दिव्याला त्या म्हणूनच कामाच्या नाहीत.

त्या १.८ नॅनोफॅरडच्या कंडेन्सरकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तो हलक्या जातीचा सिरॅमिक असेल तर उन्हाळ्यात त्याची क्षमता झपाट्याने घसरते. क्षमता घसरली की फ्रिक्वेन्सी वाढली, फ्रिक्वेन्सी वाढली की उष्णता वाढली. चार पैसे जास्त देऊन एनपीओ जातीचा किंवा पॉलिएस्टर कंडेन्सर घ्यावा.

यूसी ३८४३ कॉइलच्या करंटकडे बघून पल्स, म्हणजे मॉस्फेटचा चालू काळ, तोडते. या पद्धतीत ड्युटी ५० टक्क्यांच्या वर गेली की एक नवाच प्रकार सुरू होतो. करंटमधली बारीकशी चूक प्रत्येक फेरीत ड्युटी भागिले (१ − ड्युटी) इतक्या पटीने वाढते आणि दिशा बदलत राहते. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली की ड्युटी होते ०.५४, आणि चूक फेरीगणिक जवळपास १.१८ पट. स्कोपवर एक पल्स रुंद, पुढचा अरुंद, पुन्हा रुंद दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं फ्रिक्वेन्सी निम्मी झाली. ऑसिलेटर मात्र जागच्या जागी असतो. उपाय म्हणजे ऑसिलेटरच्या चढत्या उताराचा थोडा अंश करंटच्या सिग्नलमध्ये मिसळायचा. १२ चे २४ करणारं सर्किट नेमकं या काठावर उभं असतं. ताज्या बॅटरीवर पाहून ‘ठीक आहे’ म्हणणं इथेच नडतं.

न ठरवलेली फ्रिक्वेन्सी

दुसरा विचारसंप्रदाय म्हणतो, घड्याळ हवंच कशाला? करंटला दोन रेषा आखून द्या. खालच्या रेषेला टेकला की मॉस्फेट चालू, वरच्या रेषेला टेकला की बंद. याला हिस्टेरेसिस पद्धत म्हणतात. लोड बदलला तर ती लगेच धावते आणि वर सांगितलेलं रुंद-अरुंद पल्सचं दुखणं तिला होत नाही. पण फ्रिक्वेन्सी मग कुणाच्याच हातात राहत नाही. ती येते इनपुट गुणिले (आउटपुट − इनपुट), भागिले कॉइल, रिपल आणि आउटपुट यांचा गुणाकार.

आपल्या दिव्याचे आकडे घालून पाहू. १२ व्होल्टला बरोबर १०० किलोहर्ट्झ. बॅटरी १०.५ ला उतरली तरी ९८, पूर्ण भरून १४.४ ला गेली तरी ९६. फारसा फरक नाही, कारण इनपुट आउटपुटच्या निम्म्याजवळ असलं की हा गुणाकार शिखरावर असतो आणि शिखरावर उतार नसतो. पण बॅटरीच्या जागी सोलर पॅनेल जोडा. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनेल चांगल्या उन्हात १८ व्होल्टच्या आसपास काम करतं. तिथे फ्रिक्वेन्सी ७५ किलोहर्ट्झ. लोड हलका असेल तर पॅनेलचं व्होल्टेज २२ पर्यंत चढतं, आणि फ्रिक्वेन्सी ३० वर येते. पॅनेल थंड असलं की व्होल्टेज आणखी वाढतं. नागपूरच्या डिसेंबरातल्या १०-१२ अंशांच्या सकाळी स्वच्छ ऊन पडलं आणि पॅनेल २३ व्होल्टला पोचलं, की उरतात १६ किलोहर्ट्झ. हे कानाला ऐकू येतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘भाऊ, सकाळी सकाळी डबा शिट्टी मारून राहिला.’ डब्यात बिघाड काहीच नसतो.

मधला मार्ग बराच चांगला आहे. बूस्टमध्ये मॉस्फेट बंद राहण्याचा काळ म्हणजे पूर्ण फेरीचा काळ गुणिले इनपुट भागिले आउटपुट. मग घड्याळ न लावता, बंद राहण्याचा काळच इनपुट आणि आउटपुटच्या गुणोत्तरात मोजून दिला तर फ्रिक्वेन्सी आपोआप जवळजवळ स्थिर राहते. चपळाईही टिकते. ‘जवळजवळ’ यासाठी की डायोडचा अर्धा व्होल्ट, तारेचा रोध, मॉस्फेटला लागणारा उशीर हे सगळं त्या गुणोत्तरात धरलेलं नसतं. त्यामुळे लोड वाढला की फ्रिक्वेन्सी काही टक्क्यांनी सरकते. तेही नको असेल तर वर एक संथ पहारेकरी बसवतात. तो प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी एका नमुना घड्याळाशी ताडून पाहतो आणि बंद काळ हळूहळू दुरुस्त करतो. हा पहारेकरी मुद्दाम संथ ठेवायचा. तो व्होल्टेज सांभाळणाऱ्या कंट्रोलरइतकाच चपळ केला तर दोघे एकमेकांशी भांडत बसतात.

कधी कधी फ्रिक्वेन्सी बदलू देण्यातच फायदा असतो. २३० व्होल्टच्या मेन्सवर चालणाऱ्या एलईडी ड्रायव्हरमध्ये आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारायला (मेन्समधून करंट व्होल्टेजच्या लाटेबरोबरच ओढला जावा म्हणून) बूस्टच वापरतात, आउटपुट ४०० व्होल्टच्या आसपास. त्यातल्या कमी-मध्यम वॉटच्या सर्किटांत मॉस्फेट दर वेळी ठरावीक काळ चालू राहतो आणि कॉइल पूर्ण रिकामी झाली की लगेच पुन्हा चालू होतो. चालू काळ ४ मायक्रोसेकंद धरा. मेन्सची लाट शून्याजवळ असताना फ्रिक्वेन्सी २५० किलोहर्ट्झच्या घरात, आणि ३२५ व्होल्टच्या शिखरावर ४७. सेकंदाला १०० वेळा ही चढउतर होत राहते. करंट शून्यावर आल्यावरच डायोड बंद होत असल्यामुळे डायोड बंद होतानाचा झटका बसत नाही. या फायद्यासाठी फ्रिक्वेन्सीची ही भटकंती खुशाल सोसतात.

हलका लोड आणि रेडिओ

दिवा मंद करून १ टक्क्यावर आणला तर तो खातो पाव वॉट. पण गेट भरायचा खर्च आणि मॉस्फेटच्या अंगातली क्षमता दर फेरीला रिकामी करायचा खर्च लोड पाहून कमी होत नाही. म्हणून हलक्या लोडवर बहुतेक आधुनिक आयसी फेऱ्या गाळू लागतात: एखादा पल्स द्यायचा, आउटपुट वर गेलं की झोपायचं, खाली आलं की पुन्हा एक. एमटी ३६०८ सुद्धा हे करते. 

या काटकसरीची किंमत म्हणजे आवाज. फेऱ्या गाळता गाळता फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झच्या खाली आली की कॉइलच्या कोअरचं सूक्ष्म आकुंचन-प्रसरण ऐकू येतं. सिरॅमिक कंडेन्सरही व्होल्टेजच्या चढउताराने वाकतात आणि सगळा बोर्ड भोंग्यासारखा वाजतो. त्यासाठी काही आयसींमध्ये २५-३० किलोहर्ट्झच्या खाली जायचंच नाही अशी सोय असते. थोडी वीज वाया घालवून शांतता विकत घ्यायची.

कानाला ऐकू न येणारा आवाजही असतो. वायरमधून परत मेन्समध्ये जाणारा गोंगाट मोजायचे बहुतेक नियम १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात. स्विचिंगचा गोंगाट मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींवरही पडतो. पुष्कळ अॅडॉप्टर ६५ किलोहर्ट्झवर चालतात ते यासाठी: त्याची दुप्पट, १३०, अजून रेषेच्या आत राहते. पण नववी पट किती? ६५ गुणिले ९ म्हणजे ५८५. आणि ५८५ किलोहर्ट्झ ही आकाशवाणी नागपूरची मध्यम लहरींवरची जागा. आपल्याकडे मध्यम लहरींची सगळी केंद्रं ९ च्या पटीत बसवलेली आहेत, तेव्हा पूर्ण किलोहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीची नववी पट त्या पट्ट्यात पडली तर कुठल्यातरी ठरलेल्या जागीच पडणार. प्रत्यक्षात ऑसिलेटर थोडा सरकलेला असतो. तो १०० हर्ट्झने चुकला तर नववी पट ९०० हर्ट्झने चुकते, आणि रेडिओत बातम्यांच्या मागे ९०० हर्ट्झची बारीक शिट्टी येते. मोटारीतल्या कन्व्हर्टरचे डिझायनर म्हणून एकतर ४०० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या खाली राहतात, नाहीतर सरळ २.१ मेगाहर्ट्झवर, पट्ट्याच्या वर उडी मारतात.

तिसरी युक्ती म्हणजे फ्रिक्वेन्सी मुद्दाम ५-१० टक्के हलवत ठेवायची. मोजणारा रिसीव्हर एका वेळी ९ किलोहर्ट्झची खिडकी पाहतो. गोंगाट पसरवला की प्रत्येक खिडकीत थोडा थोडाच दिसतो. एकूण गोंगाट कमी होत नाही हे लक्षात ठेवावं. रिपोर्ट पास होतो, शेजारच्या संवेदनशील सर्किटला मात्र तेवढंच सोसावं लागतं.

एकाच डब्यात दोन बूस्ट असतील तर अजून एक भानगड. एक १०० किलोहर्ट्झवर, दुसरा १०३ वर. दोन्ही कानाच्या पलीकडे, पण त्यांच्या फरकाचे ३ किलोहर्ट्झ अॅम्प्लिफायरमध्ये स्वच्छ ऐकू येतात. अशा वेळी दोघांना एकाच घड्याळाला बांधतात, आणि जमलं तर एकाला अर्धी फेरी मागे ठेवतात, म्हणजे बॅटरीकडून ओढला जाणारा दोघांचा रिपलही एकमेकांना बऱ्यापैकी रद्द करतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी

व्हीएनआयटीपासून हिंगणा रोडवरच्या कॉलेजांपर्यंत दरवर्षी कुणीतरी मायक्रोकंट्रोलरवर बूस्ट बनवतंच. तिथे फ्रिक्वेन्सीला एक निराळाच लगाम असतो: टायमरच्या पायऱ्या. अर्दुइनो उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. ८ बिटांच्या जलद पीडब्ल्यूएमला (ठरलेल्या ड्युटीचे पल्स देणाऱ्या सोयीला) त्यातून ६२.५ किलोहर्ट्झ मिळतात आणि ड्युटीच्या २५६ पायऱ्या. १२ चे २४ करताना ड्युटी एका पायरीने हलली की आउटपुट जवळपास ०.१९ व्होल्टने हलतं. हवं असलेलं व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या मधे पडलं तर कंट्रोलर एकदा वर, एकदा खाली अशी कायमची चलबिचल करत राहतो, आणि पोरं पीआयडीचे (कंट्रोलरच्या दुरुस्तीच्या सूत्राचे) आकडे बदलत रात्र काढतात. दोष पीआयडीत नसतो. १० बिट घेतले तर पायरी चौपट बारीक होते, पण फ्रिक्वेन्सी १५.६ किलोहर्ट्झवर येते आणि परीक्षकासमोर कॉइल गाऊ लागते.

७२ मेगाहर्ट्झच्या एसटीएम ३२ वर १०० किलोहर्ट्झला ७२० पायऱ्या मिळतात, दर पायरीला ०.०७ व्होल्ट, आणि हे प्रोजेक्टला पुष्कळ झालं. त्याच टायमरवर १ मेगाहर्ट्झचा हट्ट धरला तर ७२ पायऱ्या उरतात आणि आउटपुट ०.६७ व्होल्टच्या उड्या मारतं. मेगाहर्ट्झच हवे असतील तर सी २००० सारखा कंट्रोलर घ्यावा, ज्याचा पीडब्ल्यूएम पिकोसेकंदांच्या हिशेबात, साधारण १५० पिकोसेकंदांच्या पायरीने, कडा सरकवू शकतो. नाहीतर साध्या टायमरवरच ड्युटी चारपैकी एका फेरीत एक पायरी जास्त द्यावी. कॉइल आणि कंडेन्सर मिळून त्याची सरासरी काढतात आणि पाव पायरीचं काम फुकटात होतं.